पाणी कधीच ओसरलं, मी अजून जिन्यातच

चिपळूणला बाजारपेठेच्या बाजूला राहणाऱ्या एका वाचक ताईंचं हे पत्र. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. वय ३९. २२ जुलै २०२१ च्या पहाटे वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा त्यांचा नवरा कामासाठी मुंबईला गेलेला होता. गुडघ्यांनी अधू झालेल्या सासूबाई आणि सहा वर्षांची मुलगी यांना त्यांनी कसंबसं वरच्या मजल्यावर नेलं. तळमजल्यावरच्या खोलीत एकटे राहणारे भाडेकरू काका हाका मारत होते. जिन्याची एकेक पायरी पाण्याखाली जात होती. ताई खाली उतरल्या नाहीत. काही वेळाने हाका थांबल्या.

त्यानंतर चार पावसाळे गेले. जून लागला की ताईंची झोप जाते. पहाटे तीनच्या सुमारास उठून त्या बॅटरी घेऊन जिन्याच्या शेवटच्या पायरीपर्यंत जातात, फरशीला हात लावून ती कोरडी असल्याची खात्री करतात आणि परत येतात. शेजारची टाकी भरल्याचा आवाज, ओल्या भिंतीचा वास, दारावर पडलेली थाप, एवढ्यानेही छाती धडधडते. काकांच्या बंद खोलीवरून जायला नको म्हणून ये-जा मागच्या दाराने. एका समुपदेशकांकडे त्या एकदा जाऊन आल्या. त्यांनी पहिल्याच भेटीत सगळं सांगायला लावलं आणि शेवटी ‘सकारात्मक विचार करा, ध्यान करा’ म्हणून पाठवलं. पुढचा आठवडा भयंकर गेला. फॅमिली डॉक्टरांनी दिलेली झोपेची अर्धी गोळी दोन वर्षं चालू आहे. सासूबाई म्हणतात, २००५ लाही पाणी भरलं होतं, तेव्हा कुणाला असं काही झालं नाही. जाऊबाईंनी ‘रत्नागिरीला दाखवायचं का?’ असं विचारलं. नवरा म्हणतो, घर विकू, पुण्याला जाऊ, विषय संपेल. ताईंचे प्रश्न असे: सगळ्यांचंच गेलं, मग मलाच हे का? इतक्या वर्षांनी थेरपीचा उपयोग होईल की जुनं उकरून जास्तच त्रास होईल? की सरळ पुण्याला जावं?

ताई,

तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही अगदी शेवटी, कंसात लिहिलं आहे. ‘कधी कधी वाटतं, काकांच्या जागी मीच गेले असते तर बरं झालं असतं.’ म्हणून आधी त्याबद्दल. असं वाटून जाणं वेगळं आणि जीव द्यायचा विचार मनात घोळणं वेगळं, पण यातलं तुमचं कुठलं आहे ते पत्रावरून मला कळायचं नाही. मरणाचे विचार वारंवार येत असतील, कसं करायचं इथपर्यंत ते पोचत असतील, तर हे उत्तर वाचत बसू नका. १४४१६ हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक आहे. तो चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. आत्ता तिथे फोन लावा आणि घरातल्या एका माणसाला सांगून लावा. तसं नसेल तर मग सावकाश बोलू.

‘सगळ्यांचंच गेलं’ असं तुम्ही म्हणता, त्यात पूर सगळ्यांकडे सारखाच आला असं तुम्ही धरून चालला आहात. तो तसा आला नव्हता. कुणाचं दुकान गेलं, कुणाची गाडी गेली, कुणी त्या रात्री गावातच नव्हतं. तुम्ही अंधारात दोन जीव सांभाळत होता, तिसऱ्याच्या हाका ऐकत होता आणि सोबतीला एकही धडधाकट माणूस नव्हतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार जगातली सुमारे ७० टक्के माणसं आयुष्यात कधी ना कधी भीषण प्रसंगातून जातात आणि त्यांतल्या ५.६ टक्के लोकांना पुढे पीटीएसडी, म्हणजे आघातानंतरचा ताणविकार होतो. म्हणजे बहुतेक जण सावरतात, हे सासूबाईंचं म्हणणं खरं आहे. ज्यांना होतो ते कच्च्या मनाचे, हा त्यातून काढलेला अर्थ मात्र चुकीचा. कुणाला होतो आणि कुणाला नाही यावर पुष्कळ अभ्यास झाला आहे. मरण किती जवळून गेलं आणि त्यानंतर माणसाला आधार किती मिळाला, या दोन गोष्टींचं वजन त्यात मोठं असतं. दुसरी गोष्ट तुमच्या घरच्यांनी नीट वाचावी.

शिवाय हे तुम्हा एकटीलाच झालं असेल यावर माझा विश्वास नाही. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर कित्येक माणसं पक्क्या छपराखाली झोपायला घाबरायची, बाहेर अंगणात अंथरूण टाकायची. तुमच्या बाजारपेठेतही जुलै लागला की रात्र जागून काढणारे असतील, संध्याकाळची दारू वाढलेले असतील. त्यांनी किती माल भिजला ते सांगितलं, हे सांगितलं नाही. पंचनाम्यात याला रकाना नव्हता.

निदान मी करणार नाही, ते समोर बसूनच व्हायला हवं. पण आजारांच्या सध्याच्या जागतिक वर्गीकरणात पीटीएसडीच्या तीन खुणा सांगितल्या आहेत. घडलेलं पुन्हा आत्ता घडतंय असं अनुभवास येणं ही पहिली. त्याची आठवण देणाऱ्या गोष्टी टाळत राहणं ही दुसरी. आणि धोका टळल्यावरही शरीर पहाऱ्यावर असल्यासारखं ताठलेलं राहणं ही तिसरी. या तिन्ही काही आठवडे टिकल्या आणि त्यामुळे रोजचं जगणं अडायला लागलं, तर तज्ज्ञाला दाखवायची वेळ झाली असं समजावं. तुमच्या पत्रात तिन्ही दिसतात आणि काही आठवडे नाही, चार पावसाळे झाले आहेत.

पत्र वाचताना मला एक गोष्ट लख्ख दिसली. पुरानंतरच्या आठवड्याबद्दल तुम्ही इतकं छान लिहिलं आहे! लग्नातला शालू गाळातून ओढून काढला तो कसा दिसत होता, दूध मिळेना म्हणून मुलीने बिस्किटं पाण्यात बुडवून खाल्ली, पंचनाम्याला तलाठी आले तेव्हा सासूबाई सवयीने ‘चहा घेऊन जा’ म्हणाल्या आणि घरात एक कप उरला नव्हता. मला हसू आलं, लिहिताना तुम्हालाही आलं असणार. ती आठवण जुनी झाली, सांगता येते. काकांबद्दल मात्र तीनच वाक्यं आहेत आणि तिन्ही वर्तमानकाळात. ‘काका हाक मारतायत. मी उभी आहे. पाणी आठव्या पायरीवर आहे.’ तो आठवडा तुमच्यासाठी २०२१ मध्ये संपला. ती पहाट संपलेलीच नाही.

‘काळ हेच औषध’ असं आपण म्हणतो आणि पुष्कळदा ते लागूही पडतं. पीटीएसडी झालेल्यांपैकी ४० टक्क्यांपर्यंत लोक वर्षभरात बरे होतात. पण आठवण टाळत राहिलं की काळाला काम करायला जागाच उरत नाही. तुमच्या रात्रीच्या फेरीचंच बघा. भीती वाटते, तुम्ही खाली जाता, फरशी कोरडी लागते, हायसं वाटतं. या सुटकेतून मेंदू शिकतो काय? ‘पाहिलं म्हणून वाचलो.’ न पाहताही फरशी कोरडीच राहिली असती, हे शिकायची त्याला संधीच मिळत नाही. मग दुसऱ्या रात्री तीन वाजता तो तुम्हाला पुन्हा उठवतो. मागच्या दाराने ये-जा करण्याचंही तेच. प्रत्येक वेळी त्या क्षणापुरतं बरं वाटतं आणि ते दार आणखी भीतीदायक होतं.

आता उकरून काढण्याबद्दल. तुमच्या त्या पहिल्या भेटीत झालं ते उकरणंच होतं. ओळख नाही, तयारी नाही, पुढे काय करायचं याची योजना नाही, एका तासात सगळं ओकायला लावलं आणि ध्यान करा म्हणून घरी पाठवलं. त्यानंतर आठवडा वाईट गेला यात नवल नाही. एकदाच सगळं बोलून घेतलं की मन मोकळं होतं, हा समज आपल्याकडे फार आहे. आघाताच्या बाबतीत तो खरा ठरलेला नाही. ब्रिटनमधली उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं तर आपत्तीनंतर लगेच असं सगळं वदवून घेण्याच्या विरोधातच आहेत. त्यामुळे त्या अनुभवावरून ‘थेरपी मला सोसत नाही’ असं ठरवू नका. तुम्हाला थेरपी अजून मिळालेलीच नाही.

ती मिळते तेव्हा साधारण कशी असते ते सांगते. पहिल्या एक-दोन भेटींत त्या पहाटेचा तपशील सहसा कुणी विचारत नाही. सध्याची झोप, घरची माणसं, गोळ्या, मरणाचे विचार, याची चौकशी होते. बहुधा २० प्रश्नांची एक प्रश्नावली भरून घेतात. गेल्या महिन्यात अमुक त्रास किती झाला, याला शून्य ते चार गुण द्यायचे. हीच प्रश्नावली दर काही भेटींनी पुन्हा भरली जाते, त्यामुळे फरक पडतोय की नुसतेच पैसे जातायत हे तुम्हालाही आकड्यात दिसतं. पुढे काय करायचं आणि का, हे समजावून सांगून तुमचा होकार घेतला जातो. आठवणीकडे त्यानंतर वळायचं, तेही तुमच्या चालीने.

या कामाच्या पद्धती मुख्यतः तीन. एकीत ती आठवण डोळे मिटून, क्रमाने, सविस्तर सांगायची. तिचं रेकॉर्डिंग घरी ऐकायचं आणि टाळलेल्या गोष्टींची सोप्यापासून अवघडापर्यंत यादी करून एकेक करत जायचं. तुमच्या यादीत आधी टाकी भरण्याचा आवाज कानावर पडू देणं येईल, काकांचं दार बरंच नंतर. यात दीड-दीड तासाच्या ८ ते १५ भेटी होतात. दुसऱ्या पद्धतीत घटनेपेक्षा, घटनेबद्दल मनाने काढलेल्या निष्कर्षांवर काम होतं, लिहून आणि तपासून, साधारण १२ भेटी. तिसरी ईएमडीआर. अमेरिकन मानसतज्ज्ञ फ्रान्सिन शपिरो यांना १९८७ मध्ये ती सुचली. आठवण मनात धरून थेरपिस्टच्या हाताच्या हालचालीबरोबर डोळे डावी-उजवीकडे फिरवायचे. ऐकायला जादूटोणा वाटतो, मला स्वतःलाही डोळ्यांचा त्यात नेमका वाटा किती याबद्दल शंका आहे आणि तज्ज्ञांतही त्यावर वाद आहे. पण एकूण उपचाराचा गुण येतो, हे अभ्यासांत दिसलं आहे. आघातावर केंद्रित विचार-वर्तन उपचार (वरच्या पहिल्या दोन पद्धती याच प्रकारातल्या) आणि ईएमडीआर या दोन्हींची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये केली.

तुमच्यासाठी मला दुसरी पद्धत जास्त जवळची वाटते, कारण तुम्हाला छळतोय तो पाण्यापेक्षा अपराधीपणा. ‘मी खाली गेले असते तर.’ यावर सगळ्यांनी तुम्हाला ‘तुझी काही चूक नव्हती’ असं सांगितलं असणार. त्याने काहीच झालं नाही, कारण त्या वाक्याने विषय बंद होतो. चांगली थेरपिस्ट असं म्हणून मोकळी होणार नाही. ती विचारेल: पाणी आठव्या पायरीवर होतं तेव्हा खाली ते किती खोल होतं? ओढ कुठल्या दिशेला होती? तुम्हाला पोहता येतं का? मुलगी कुणाच्या हातात देणार होता? पाणी किती वाढणार आहे, याबद्दल त्या मिनिटाला तुम्हाला काय माहीत होतं? तुम्हीच लिहिलं आहे की पाणी अकराव्या पायरीला येऊन थांबलं. ते तिथे थांबलं हे आज माहीत आहे. त्या पहाटे ते थांबेल की नाही, हे चिपळुणात कुणालाच माहीत नव्हतं. आज माहीत असलेल्या गोष्टींवरून तुम्ही त्या दिवशीच्या बाईला दोषी धरता. हे मी इथे लिहिल्याने तुमची सुटका होणार नाही. ते तुमचं तुम्हाला, पायरी-पायरीने, स्वतःच्या तोंडाने मांडावं लागेल. आणि तरीही दुःख राहील. काका गेले याचं दुःख व्हायलाच हवं. त्यांना जवळचं कुणी नव्हतं असं दिसतं. त्यांच्यासाठी रडलेली बहुधा तुम्हीच.

एक सांगून ठेवते. पहिले काही आठवडे स्वप्नं वाढू शकतात, चिडचिड होऊ शकते. याच टप्प्यावर पुष्कळ जण सोडून देतात. सोडायचंच वाटलं तर न कळवता जाणं बंद करू नका, ‘मला झेपत नाहीये’ असं थेरपिस्टला तोंडावर सांगा. चाल कमी करता येते. सगळेच पूर्ण बरे होतात असंही नाही, पण रात्री तीनची फेरी सुटली, पुढच्या दाराने ये-जा सुरू झाली, तरी आयुष्य केवढं बदलेल ते बघा.

तुमच्या बाबतीत एक अडचण खास आहे. पूर पुन्हा येऊ शकतो. बॉम्बस्फोटातून वाचलेल्या माणसाला ‘हे रोज घडत नाही’ असं सांगता येतं. वाशिष्ठीकाठच्या माणसाला ते कसं सांगणार? डोंगरातला पाऊस, खाडीची भरती आणि पात्रातला गाळ एका वेळी जमले की काय होतं, ते तुमच्या गावाने २००५ लाही पाहिलं, २०२१ लाही. त्यामुळे ‘आता पूर येणार नाही, निश्चिंत राहा’ असं सांगणारा थेरपिस्ट भेटला तर माझं मत असं, की दुसरा शोधा. तुमची भीती निराधार नाही. फक्त ती खऱ्या धोक्याच्या रात्री आणि रिमझिम पावसाच्या रात्री सारखीच पेटते, तिथे ती कामाची राहत नाही.

म्हणून थेरपी सुरू व्हायची वाट न पाहता एक गोष्ट घरात करून टाका. मे महिन्यात, ऊन असताना, नवऱ्याला आणि सासूबाईंना बसवून एका कागदावर लिहा: नदीने इशारा पातळी गाठली की काय करायचं, धोका पातळी गाठायच्या आत सासूबाईंना कुणाच्या गाडीतून कुठे हलवायचं, तळमजल्यावरचं काय आधी वर न्यायचं, नवरा गावात नसेल तर कुणाला फोन करायचा. पातळी कुठे बघायची आणि कितीदा, हेही ठरवून टाका. साधा पाऊस असेल तर सकाळ-संध्याकाळ. प्रशासनाचा इशारा आला तर तासा-तासाला. यापलीकडे मोबाइल हातात आला की समजायचं, हे नदीसाठी नाही, आतल्या धडधडीसाठी चाललंय. रात्रीची फेरी लगेच मनाच्या बळावर बंद करायला जाऊ नका, ती थेरपीत हळूहळू सुटू द्या. आणि रेड अलर्टच्या रात्री खाली जाऊन बघणं याला कुणी आजार म्हणणार नाही. मीही बघेन.

जाता जाता, पहिल्या पावसाचे भज्यांचे फोटो टाकणाऱ्यांना जून-जुलैपुरतं म्यूट करून टाका, कुणाला स्पष्टीकरण द्यायची गरज नाही. २२ जुलैला ‘पुराच्या आठवणी’ म्हणून फिरणारे व्हिडिओही. टाळू नका असं मी वर म्हटलं ते याबद्दल नव्हतं. असे व्हिडिओ बघून कुणी बरं होत नाही.

गोळीबद्दल थोडक्यात. झोपेसाठी किंवा घाबरल्यावर सहसा ज्या जातीच्या गोळ्या दिल्या जातात, त्या पीटीएसडीवर उपचार नाहीत आणि त्यांची सवय लागते. दोन वर्षं हा फार मोठा काळ झाला. पण एकदम बंद करू नका, त्यानेही त्रास होतो. गोळीची पट्टी मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा, ते हळूहळू कमी करून देतील. नैराश्यावरच्या काही गोळ्या पीटीएसडीत उपयोगी पडतात. त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात आणि त्या झोपेच्या गोळ्या नव्हेत. थेरपी मिळायला वेळ लागणार असेल किंवा नैराश्य जास्त असेल, तर त्या घ्यायला मन मागे घेऊ नका.

पुण्याला जावं का? नवऱ्याचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. पूररेषेतलं घर, अधू सासूबाई, शिकणारी मुलगी, घर हलवायला ही कारणं पुरेशी आहेत. पण ‘विषय संपेल’ हे कारण धरून घर विकू नका. पुण्यातही पाऊस पडतो, शेजारच्यांची टाकी भरते, मध्यरात्री कुणीतरी दार वाजवतं. उलट पुण्यात तुम्हाला ओळखणारं कुणी नसेल, आणि तिथेही तीन वाजता जाग आली तर ‘आता तर घरही विकलं’ हे ओझं वाढेल. माझा सल्ला असा: विक्रीचा निर्णय निदान थेरपी मधल्या टप्प्यावर येईपर्यंत थांबवा. नंतरही जावंसं वाटलं तर खुशाल जा. तेव्हा ते जाणं असेल, पळणं नसेल.

आणि नवऱ्याबद्दल, तुम्ही विचारलं नाही तरी. तो त्या दिवशी मुंबईत होता, गाड्या बंद होत्या, फोन लागत नव्हते, तिसऱ्या दिवशी पोचला असं तुम्ही लिहिलंय. ते अडीच दिवस त्याने कसे काढले, हे कधी विचारलंत का? घर विकायची त्याची घाई मला नुसती व्यवहारी वाटत नाही. त्याला कदाचित त्या घरात स्वतःची गैरहजेरी दिसत असेल. ‘पुरे आता’ म्हणणारी माणसं पुष्कळदा स्वतःलाच ते सांगत असतात. थेरपिस्टकडे एखाद्या भेटीला त्याला बरोबर न्या. त्याने तुमच्यासाठी करायचं फार काही नाही. तीन वाजता जाग आली तर त्याने ‘झोप गं’ न म्हणता दिवा लावून पाच मिनिटं उठून बसावं. ‘काय झालं’ असंही विचारू नये.

आता जायचं कुठे. जाऊबाई ‘रत्नागिरी’ म्हणाल्या त्या टोमण्याने. महाराष्ट्रात ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. त्या-त्या भागात त्या गावाचं नुसतं नाव घेतलं तरी शिवी होते. पण तिथे बाह्यरुग्ण विभाग असतो, केसपेपर काढून दाखवून त्याच दिवशी परत येता येतं, कुणी ठेवून घेत नाही. जिल्हा रुग्णालयातही जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातून मानसोपचारतज्ज्ञ मिळू शकतात. निदान आणि गोळ्या यासाठी मी तुम्हाला आधी तिकडेच जायला सांगेन, खर्च जवळजवळ नाही. दर आठवड्याची थेरपी मात्र तिथल्या गर्दीत मिळेलच असं नाही. त्यासाठी ऑनलाइन हा तुमच्यासाठी चांगला मार्ग आहे. व्हिडिओवरून केलेले हे उपचार समोरासमोरच्या इतकेच उपयोगी पडतात असं अभ्यासांत दिसलंय, आणि बाजारपेठेत ‘कुणाच्या दवाखान्यात दिसली’ हा प्रश्नही येत नाही. ठाण्या-पुण्यात मराठीत थेरपी करणारे भरपूर आहेत. खाजगीत एका भेटीचे हजार-दीड हजार सहज जातात. बारा भेटींचा हिशोब आधीच मांडा, आणि परवडत नसेल तर कमी फी होईल का हे स्पष्ट विचारा. पुष्कळ जण काही जागा कमी फीच्या ठेवतात. आरोग्यविमा असेल तर मानसिक आजारालाही शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्यायला २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने सांगितलं आहे. मात्र बऱ्याच पॉलिसी दवाखान्यात दाखल झाल्यावरच पैसे देतात, तेव्हा ओपीडीचं कलम वाचून घ्या. याच कायद्याने गोपनीयतेचा हक्कही दिलाय. मात्र तुमच्या उपचारासाठी गरज असेल तर दुसऱ्या डॉक्टरांना माहिती देता येते, तेव्हा कुणाला काय सांगितलं जाईल हे आधीच विचारून घ्या.

नावापुढे ‘समुपदेशक’ लिहिणारा प्रत्येक जण हे काम शिकलेला नसतो, हे तुम्ही अनुभवलंच आहे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी असते, क्रमांक विचारायला लाजू नका. नोंदणी आहे म्हणजे आघाताचं काम येतंच असंही नाही, म्हणून पुढचा फोन महत्त्वाचा.

त्याआधी मुलीचं. ती आता दहा-अकरा वर्षांची असेल. ‘आई, आज पाणी येणार का?’ असं ती पाऊस आला की विचारते, हे तुम्ही ओझरतं लिहिलंय. त्या पहाटे तीही जिन्यात होती, तिनेही हाका ऐकल्या. कदाचित ती फक्त तुमचा चेहरा वाचत असेल, कदाचित तिचंही काही असेल. तिला खोदून विचारू नका, पण ती बोलली तर विषय बदलू नका, आणि थेरपिस्टला पहिल्याच भेटीत तिच्याबद्दल सांगा. तो घरातला कागद करताना तिलाही बसवा. आपली दप्तराची पिशवी कुठे ठेवायची ते तिने ठरवावं.

फोन लावताना शब्द सुचणार नाहीत, म्हणून लिहून देते, वाचून दाखवलंत तरी चालेल. ‘२०२१ च्या पुरात आमच्या घरातले एक गृहस्थ गेले. तेव्हापासून मला झोप नाही, काही जागा आणि आवाज टाळते. मला पीटीएसडी आहे का ते तपासून हवं आहे. तुम्ही आघातावरची कोणती पद्धत शिकला आहात? साधारण किती भेटी लागतील? पहिल्या भेटीत मला सगळं सांगावं लागेल का?’ शेवटच्या प्रश्नाला ‘हो’ असं उत्तर आलं तर आभार मानून फोन ठेवा आणि पुढचा नंबर लावा. आणि हे जूनच्या आत करा, म्हणजे पाऊस सुरू होईपर्यंत निदान चार-पाच भेटी झालेल्या असतील. आत्ताच पाऊस लागलेला असेल तरी ऑक्टोबरची वाट पाहू नका.